चालती ठेवू या जुनी मोटार

भंवरकुआंहून माणिकबाग राजवाडा जवळच. यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी तो एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाने घडविला. याच महाराजांच्या १९३५ च्या अमेरिकन ड्यूसेनबर्ग मोटारीवर लंडनच्या गर्नी नटिंगने भगवी-काळी बॉडी चढविली होती. मोटार परदेशी गेली. राजवाड्यात सरकारी कचेरी आली.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनांना ‘व्हिंटेज’ अशी स्वतंत्र नोंदणी दिली. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा मोजक्या कामांपुरतीच त्यांना रस्त्याची मुभा आहे. म्हणून मोटारप्रेमी मंडळांच्या सहलींना आम्ही केवळ श्रीमंती शौक मानीत नाही. उभी मोटार गंजते, आणि तिच्याबरोबर कारागिराच्या हातची विद्याही. गेले त्याची हळहळ किती करावी? उरले आहे ते चालते ठेवणे आपल्या हाती आहे.