वरचे नेमकं काय कुटतात?

हाउसिंग सोसायटीच्या कमिटीकडे तीन तक्रारी कायम येतात: पार्किंग, गळती आणि आवाज. पहिल्या दोन्हींना पुरावा असतो. चुकीच्या जागी लावलेल्या गाडीचा फोटो काढता येतो, छतावरचा ओला डाग सेक्रेटरींना बोट लावून दाखवता येतो. आवाजाचं मात्र अवघड. सेक्रेटरी येईस्तोवर तो थांबलेला असतो आणि तक्रार करणाराच चिडका ठरतो. वरचे म्हणतात, ‘आम्हाला तर काही ऐकू येत नाही बुवा!’ ते खोटं बोलत असतात असंही नाही. आपल्या टाचांचा आवाज खालच्या घरात कसा ऐकू येतो, हे वर राहून कळतच नाही.

आवाज दोन वाटांनी येतो, आणि पुढचं सगळं या फरकावर अवलंबून आहे. टीव्ही, गाणी, भांडण, कुत्र्याचं भुंकणं हे हवेतून येतं: खिडकीतून, दाराच्या फटीतून, डक्टमधून. खुर्ची ओढली, डंबेल टाकलं, मूल पलंगावरून उडी मारून आलं, की तो धक्का थेट काँक्रीटमध्ये शिरतो. आरसीसी इमारतीत स्लॅब, बीम, कॉलम सगळं एकमेकांत ओतलेलं असतं. हादरा त्यातून लांबवर जातो आणि खालच्या घराचं छत स्पीकरच्या पडद्यासारखं थरथरून तो ऐकवतं. खिडक्या बंद करून काही उपयोग नाही. हल्लीच्या मायवान पद्धतीच्या टॉवरमध्ये तर बहुतेक भिंतीही काँक्रीटच्याच, त्यामुळे कोणीतरी कुठेतरी ड्रिल लावलं की अख्खी विंग दात आवळून बसते.

म्हणून पहिला संशय अनेकदा चुकतो. ठकठक डोक्यावर ऐकू येते, पण ती वरच्याच्या वरच्या मजल्यावरची असू शकते, नाहीतर तिरक्या फ्लॅटमधली. आवाज खालून वरही जातो. हॉलमधला झोपाळा ज्या हुकांना टांगलेला असतो ते हुक स्लॅबमध्ये असतात आणि तो स्लॅब म्हणजे वरच्यांची जमीन. रात्री जेवून खालचे आजोबा झोका घेतात, तेव्हा कड्यांची करकर वरच्या बेडरूममध्ये पोचते. आणि मध्यरात्री गोट्या घरंगळल्यासारखा तो प्रसिद्ध आवाज? वरच्या मुलांना बोल लावण्याआधी पाइपकडे बघा. नळ किंवा व्हॉल्व्ह झटकन बंद झाला की पाण्याचा दाब पाइपमध्ये आपटतो. ठरावीक वेळी पाणी सोडणाऱ्या शहरांत पाइपमध्ये हवा अडकते, तीही खडखडते. ज्या घरावर संशय आहे ते सुट्टीत गावी गेलं असतानाही आवाज आला, तर प्रश्न प्लंबरचा आहे.

आता सकाळचा चहा. ओट्याचा ग्रॅनाइट भिंतीत बसवलेला आणि कडाप्प्याच्या उभ्या फळ्यांवर टेकलेला असतो. त्या फळ्या स्लॅबवर उभ्या असतात. पितळी खलबत्ता ओट्यावर ठेवून आलं ठेचलं की प्रत्येक ठोका ग्रॅनाइट, कडाप्पा, स्लॅब या वाटेने खालच्या स्वयंपाकघरात उतरतो, आणि खालचे उशीत डोकं खुपसून विचारतात, ‘हे लोक सहा वाजता नेमकं काय कुटतात?’ उपाय फुकट आहे. जुन्या टर्किश टॉवेलच्या चार घड्या करून खलबत्त्याखाली ठेवायच्या. खुर्च्यांच्या पायांना हार्डवेअरच्या दुकानातली रबरी टोपणं, मुलांच्या खेळण्याच्या जागी फोमची जाड चटई, वॉशिंग मशीनखाली रबरी पॅड. हादरा काँक्रीटमध्ये शिरण्याआधीच अडवायचा. एकदा शिरला की खालच्याने छताला कितीही पीओपी करून घेतलं तरी फरक थोडाच.

हे वरच्यांना सांगायचं कसं, हा खरा पेच. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘काही लोकांना शेजारधर्म कळत नाही’ असं टाकणं हा सगळ्यांत वाईट मार्ग. त्यात आवाज राहतो बाजूला आणि 2 वर्षांपूर्वीचं पार्किंगचं भांडण उकरलं जातं. आवाज चालू असताना तणतणत वर जाणंही तितकंच वाईट. दुसऱ्या दिवशी, शांतपणे जावं आणि वरच्यांनाच खाली बोलवावं. ‘काकू, पाच मिनिटं चहाला या ना. आणि वर दोघांना नेहमीसारखं खेळू दे.’ काकू चहाचा कप हातात घेतात, छतावर धाडधाड सुरू होते, त्या वर बघतात. ‘अगंबाई, हे आमचं?’ एवढ्यावर निम्मी प्रकरणं मिटतात असं माझं मत आहे. मागणीही नेमकी हवी. ‘जरा आवाज कमी करा’ याला अर्थ नाही. ‘रात्री साडेदहानंतर ट्रेडमिल नको’ याला आहे. तान्ह्या बाळाचं रडणं आणि आजारी माणसाचं रात्री उठणं यांबद्दल मात्र तक्रार करू नये. तिथे कानात बोळे घालावेत.

कायदा कुठे येतो? 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. ‘दहापर्यंत काहीही वाजवू’ हा सार्वत्रिक समज चुकीचा आहे, दिवसालाही मर्यादा आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर ठरलेल्या पातळीपेक्षा 5 डेसिबलहून जास्त असता कामा नये. म्हणजे होम थिएटरही यात आलं. रात्री निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रंही चालवता येत नाहीत. कुणालाही नको असलेला आवाज ऐकण्याची सक्ती करता येत नाही, शांततेत जगणं हा घटनेच्या 21व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2005 मध्ये स्पष्ट केलं. टेरेसवरच्या पार्टीत रात्री अकराला डीजे वाजत असेल तर 112 ला फोन करा, बिनधास्त.

पण हे डेसिबल काही काळाच्या सरासरीने मोजतात. दर दहा मिनिटांनी ओढली जाणारी खुर्ची त्या सरासरीत विरून जाते, झोप मात्र दर दहा मिनिटांनी मोडते. कायद्याचा सगळा रोख लाउडस्पीकर, फटाके, हॉर्न यांच्यावर आहे. वरच्यांच्या टाचा त्याच्या नजरेत नाहीत. पोलिसही अशा वेळी फार तर समज देतात किंवा एनसी नोंदवतात. सार्वजनिक उपद्रवाला भारतीय न्याय संहितेच्या 292 व्या कलमाखाली दंड आहे तोही 1000 रुपयांपर्यंत.

मधली जागा सोसायटीची. आदर्श उपविधींत इतर सभासदांना उपद्रव होईल असं वागू नये, हे आहेच, आणि फ्लॅटमध्ये फेरफार करायचे तर कमिटीची परवानगीही लागते. या परवानगीचा उपयोग करून घ्यायला हवा. टाइल्स फोडायला ब्रेकर लागणार असेल तर तारखा आणि तास नोटीस बोर्डावर आधी लागले पाहिजेत. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत फोडाफोड नको, हा ठराव सर्वसाधारण सभेत एकदाच करून टाकावा. तक्रार लेखीच द्यावी, तारीख-वेळ लिहून, आणि पोच घ्यावी. फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर पत्राची प्रत मालकाला. पुढची पायरी सहकार कायद्याच्या 91व्या कलमाखाली सहकार न्यायालय. तिथे निकाल लागेपर्यंत वरची मुलं कॉलेजात जातील. 35व्या कलमाखाली सभासदाला काढून टाकता येतं, पण त्याला सभेत तीनचतुर्थांश बहुमत आणि निबंधकांची मान्यता लागते. टाचांच्या आवाजासाठी ती मिळेल असं धरून चालू नका.

मुळात दोष वरच्यांपेक्षा बांधणाऱ्यांचा जास्त आहे. दक्षिण कोरियात अर्ध्याहून अधिक कुटुंबं अपार्टमेंटमध्ये राहतात आणि मजल्यांमधल्या आवाजावरून तिथे इतकी भांडणं झाली की नव्या अपार्टमेंटसाठी 210 मिलिमीटरचा स्लॅब बंधनकारक झाला. आपल्याकडे 125 ते 150 मिलिमीटरचा स्लॅब सर्रास असतो, त्यावर टाइल्स थेट बसवतात. राष्ट्रीय बांधकाम संहितेत ध्वनिरोधनावर वेगळा विभाग आहे, पण भोगवटा पत्र देताना वरच्या मजल्यावरची पावलं खाली किती ऐकू येतात हे कोणी तपासत नाही.

तेव्हा फ्लॅट घ्यायला जाल तर बिल्डरला कार्पेट एरियाबरोबर स्लॅबची जाडी आणि टाइल्सखाली काय घातलंय तेही विचारा. रीसेलचा फ्लॅट रविवारी दुपारी बघून सौदा करू नका. रात्री नऊनंतर पुन्हा जा, पंखे-टीव्ही बंद करायला सांगा आणि हॉलमध्ये पाच मिनिटं गप्प बसून वर काय चाललंय ते ऐका.