शिस्त फक्त खांबावरच्याच माणसाने पाळायची का?

वीज कामगार खांबावर दगावला की दुसऱ्या दिवशी कारण तयार असते. ‘हातमोजे घातले नव्हते, परमिट घेतले नव्हते, शिस्त पाळली नाही.’ मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही. म्हणून ही शिस्त म्हणजे नेमके काय, हे आपणच समजून घेतले पाहिजे.

११ के.व्ही.च्या लाईनवर हात घालण्याआधी उपकेंद्रातून लाईन क्लिअर परमिट घ्यावे लागते. ऑपरेटर फीडर बंद करतो, स्विचला कुलूप घालतो, पाटी लावतो. जागेवर टेस्टरने तपासून कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचे, कारण एखाद्याच्या जनरेटरमधूनही उलटा करंट येतो. काम संपले की माणसे मोजायची, अर्थिंग काढायचे आणि ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत करायचे. यातली प्रत्येक पायरी म्हणजे एका कामगाराने दुसऱ्याला दिलेला शब्द आहे. वर चढलेल्याचा जीव खालच्याच्या शब्दावर असतो.

हा शब्द मोडतो कुठे? वळवाच्या वाऱ्यात तारा तुटतात, गावागावांतून फोन सुरू होतात आणि वरून हुकूम येतो, ‘लवकर चालू करा.’ मग परमिट फोनवरच होते. चढतो कोण? कंत्राटी कामगार, नाहीतर ज्याचे नाव कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही असा ‘झिरो वायरमन’. परमिट एकाच्या नावावर, जीव दुसऱ्याचा! ‘आधी अर्थिंग करा, मगच चढतो’ असे तो म्हणाला तर उद्या त्याला काम नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याकडून शिस्तीची अपेक्षा कशी करता?

कामगारांतला विश्वास आणि समता यांचे नाते बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते. मुंबईच्या गिरण्यांत धोटा भरताना सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून अस्पृश्यांना विणखात्यात घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर मांडला. सोबत्याला विटाळ मानणाऱ्यांची एकजूट किती टिकणार? पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा वीज हा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता. मजूर आणि वीज यांचा विचार त्यांनी एकाच टेबलावर केला.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ७६५ के.व्ही. लाईन सुरू झाली आणि दक्षिणेचा ग्रिड देशाच्या ग्रिडला जोडला गेला. सोलापूरने देश जोडला. पण याच देशात कायम आणि कंत्राटी कामगार एकाच खांबाखाली उभे असूनही जोडलेले नाहीत.

कायदा कंपनीलाही शिस्त सांगतो. हातमोजे, सेफ्टी बेल्ट, अर्थिंगची साधने पुरवणे सुरक्षा नियमांनी बंधनकारक केले आहे. विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे जीवघेण्या अपघाताची सूचना विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते आणि सरकार त्याची चौकशी लावू शकते. म्हणून युनियनने तीन गोष्टींचा आग्रह धरावा. जो चढेल त्याचे नाव परमिटवर असावे. अर्थिंग नसेल तर काम नाकारल्याबद्दल कुणाचीही रोजी जाऊ नये. चौकशीचा अहवाल मृताच्या घरी पोचावा.

कायम कामगारांनी ही मागणी कंत्राटी भावांसाठी आधी उचलावी. परमिट परत करताना मोजायची माणसे सगळी आपलीच असतात.