अडकलेली स्लाइड आणि ‘रिकामं आहे’ ही समजूत

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या माणसानं पिस्तुलावर बोलावं हे जरा विचित्र वाटेल. पण आजचा प्रश्न मुळात ज्ञानाचाच आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बऱ्याच परवानाधारकांना शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. वर्ष-दोन वर्षं चामडी पाकिटात पडून राहिलेलं पिस्तूल तेव्हा कपाटातून बाहेर निघतं, आणि स्लाइड हलत नाही. चामडं ओल धरतं, तिथं गंज चढतो. कुणी प्रेमानं खोबरेल चोळलेलं असतं. ते संगमनेरच्या थंडीत थिजतं आणि पुढं धूळ धरून त्याचा चिकटा होतो.

स्लाइड म्हणजे नळीवरचं मागं-पुढं सरकणारं पोलादी आवरण. गोळी सुटली की धक्क्यानं ती मागं जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, आणि स्प्रिंगच्या जोरानं पुढं येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस उचलून नळीच्या मागच्या घरात, म्हणजे चेंबरमध्ये बसवते. ही रचना रुळवली ती अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंग यांनी. आपल्या पोलिसांकडचं इशापूरला बनलेलं ९ मिमी पिस्तूलही त्यांच्याच घराण्यातलं.

आता ‘अडकली’ हा एकच शब्द आपण किती गोष्टींना वापरतो बघा. शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागंच थांबते. तो बिघाड नव्हे, खटक्यानं तिला मुद्दाम धरलेलं असतं. काही पिस्तुलांत सेफ्टी लावली की स्लाइडला कुलूपच लागतं, तिथं माणसं उगाच ताकद लावत बसतात. स्लाइड अर्ध्यावर अडली असेल, तर बहुधा पुंगळी तोंडाशी चिमटलेली असते किंवा दोन काडतुसं एकदम घुसलेली असतात. हे निदान डोळ्यांना दिसतं तरी. खरी पंचाईत पूर्ण पुढं येऊन घट्ट बसलेल्या स्लाइडची. गंज आहे, चिकटा आहे, की फुगलेली पुंगळी चेंबरला चिकटली आहे, हे बाहेरून कळत नाही. आणि आत जिवंत काडतूस आहे की नाही, हेही कळत नाही.

इथं लोक काय म्हणतात? ‘मॅगझिन काढलंय की, रिकामंच आहे.’ आपल्या नैयायिकांनी या चुकीला नाव देऊन ठेवलंय, सव्यभिचार हेत्वाभास. जिथं साध्य नाही तिथंही हेतू सापडतो, म्हणून हेतू लंगडा. मॅगझिन काढलेलं आहे आणि चेंबरमध्ये एक काडतूस बसलेलं आहे, असं सहज असू शकतं. मॅगझिन काढण्यानं ते बाहेर येत नाही. ‘भाऊंनी ठेवताना रिकामं केलं होतं’ हे शब्दप्रमाण, पण भाऊंची आठवण आप्तवाक्य मानायची का? राहिलं प्रत्यक्ष. चेंबर डोळ्यांनी बघायचं, अंधारात बोटानं चाचपायचं. पण ते बघायला स्लाइड मागं यावी लागते, आणि तीच तर येत नाही! म्हणजे नेमक्या याच अवस्थेत प्रत्यक्षाचं दार बंद असतं. अशा वेळी पिस्तूल भरलेलंच आहे असं धरून चालायचं. याला आम्ही भित्रेपणा म्हणणार नाही.

मग करायचं काय? नळीचं तोंड अशा दिशेला, जिथं माणूस नाही, भिंतीपलीकडची खोलीही नाही. बोट ट्रिगरच्या कडीबाहेर. चाप ओढूनही गोळी सुटली नसेल, तर तीस सेकंद तसंच धरून थांबायचं. काडतूस कधी कधी उशिरा पेटतं. मग मॅगझिन काढायचं, सेफ्टी बघायची. एका हातानं मूठ घट्ट धरून दुसऱ्या हाताचा तळवा स्लाइडच्या मागच्या खाचांवर वरून ठेवायचा आणि सरळ मागं ओढायचं. हात नळीसमोर येता कामा नये. आली, तर ती मागंच अडकवून चेंबर बघायचं. एक-दोनदा ओढूनही नाही आली, तर तिथंच थांबायचं. हातोडी, पेचकस, टेबलाच्या कडेवर दाबणं, काही नाही. आणि गोळीचा आवाज नेहमीपेक्षा फुसका आला असेल, तर स्लाइड मोकळी झाली तरी पुढची गोळी झाडायची नाही. आधीची नळीतच बसलेली असली तर नळी फुटते.

नेमबाजीच्या खेळात तर हात आवरणं हा नियमच आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं तो २५ मीटर पिस्तूल प्रकार घ्या. तिथल्या पिस्तुलांत सहसा बाहेरच्या स्लाइडऐवजी आतला बोल्ट सरकतो, पण अडचण तीच. पिस्तूल अडलं तर नळी लक्ष्याकडेच ठेवून मोकळा हात वर करायचा आणि अधिकाऱ्याला बोलवायचं. त्यांनी तपासण्याआधी खेळाडूनं यंत्रणा उघडली किंवा सेफ्टीला हात लावला, तर बिघाड खरा असूनही ग्राह्य धरत नाहीत, न झाडलेल्या गोळ्यांना शून्य. वाटतं कठोर, पण पुरावा जागेवर राहतो.

घरच्या पिस्तुलाला असा अधिकारी नसतो. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करायची. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. मात्र अडकलेलं पिस्तूल पिशवीत घालून एस.टी.नं निघू नका. आधी पोलीस ठाण्याला किंवा त्या विक्रेत्याला फोन करा, कसं आणायचं ते विचारा, आणि पहिलंच वाक्य हे सांगा: स्लाइड उघडत नाही, आत काडतूस असू शकतं.