सोऱ्या एक, चकत्या अनेक

दिवाळीला आठ दिवस उरले की माळ्यावरचा पितळेचा सोऱ्या खाली उतरतो. नळकांडे एकच, चकती बदलली की आज चकली, उद्या शेव. प्रत्येक पदार्थासाठी निराळे यंत्र आणण्याची कल्पना कोणाही गृहिणीला हास्यास्पद वाटेल! परंतु संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारी चांगली शहाणीसुरती माणसे पुष्कळदा नेमके हेच करतात.

कसे ते पाहू. आपल्या मोबाइलवर हवामान दिसते, आगगाडीची वेळ दिसते. ती माहिती दूरच्या संगणकाकडून येते. त्या संगणकाची जी खिडकी, तिला म्हणतात ‘एपीआय’. कचेरीतल्याप्रमाणे येथेही ठरलेल्या नमुन्यातच अर्ज करावा लागतो. आपल्या वतीने तो अर्ज भरणारा कारकून म्हणजे ‘क्लायंट लायब्ररी’. खिडकी कोणतीही असो, कारकुनाची बरीचशी कामे तीच: ओळख पटवा, अर्ज पाठवा, उत्तर न आल्यास जरा थांबून पुन्हा विचारा, आलेले उत्तर उलगडा. या त्याच त्या मजकुराला ‘बॉयलरप्लेट’ म्हणतात. शब्द मूळचा छापखान्यातला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील लहान वृत्तपत्रांना तयार मजकुराचे धातूचे ठसे मिळत. बॉयलरच्या पत्र्यावरून त्यांना हे नाव पडले.

हा मजकूर एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात उतरवून घेणे सोपे खरे. पण मूळ प्रतीत चूक असली, तर ती वीस ठिकाणी जाते आणि वीस ठिकाणी दुरुस्त करावी लागते.

यावरचा उपाय जुनाच आहे. केंब्रिजचा ‘एडसॅक’ संगणक १९४९ साली चालू झाला, तेव्हाच तेथे नेहमी लागणारी गणिते कागदी फितींवर भोके पाडून जपून ठेवीत. लागेल ती फीत घ्यावी आणि आपल्या कामात जोडावी! विल्क्स, व्हीलर व गिल यांनी १९५१ साली त्यावर पुस्तकच लिहिले. आज त्याहून पुढची पायरी गाठली आहे. खिडकीचे नियम एका तक्त्यात लिहायचे आणि त्यावरून कारकून यंत्रानेच घडवायचा. ॲमेझॉनची ‘बोटो-३’ ही लायब्ररी आपल्या बऱ्याचशा क्रिया अशाच तक्त्यांवरून तयार करते. नळकांडे एक, चकत्या अनेक!

मग सारे आलबेल झाले काय? नाही. २२ मार्च २०१६ रोजी एका प्रोग्रॅमरने नावाच्या वादातून रागावून, ‘एनपीएम’ या सार्वजनिक भांडारातील आपले सारे प्रोग्रॅम काढून घेतले. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा एक चिमुकला होता. ओळी अवघ्या ११! काम एवढेच, की ७ या आकड्याआधी शून्ये घालून ००७ करायचे. पण तो ज्यांनी उसना घेतला होता, त्यांच्यावर दुसरे आणि त्या दुसऱ्यांवर तिसरे विसंबून होते. जगभर हजारोंची कामे अडली. शेवटी काही तासांत भांडाराने तो प्रोग्रॅम परत ठेवला आणि पुढे असे काढून घेण्यावर निर्बंध घातले.

म्हणून उसने घेऊच नये की काय? तसे नव्हे. सोऱ्या शेजारणीकडून जरूर आणावा. पण त्याच्यावाचून घरची दिवाळी अडणार असेल, तर एक आपल्याही माळ्यावर असावा. आणि जे काम हातानेच चुटकीसरशी होते, त्यासाठी शेजारचे दार ठोठावू नये, हे बरे!