गोदावरीची जलसफर : वर निरभ्र आकाश, खाली पूर

सोनपेठ - सोनपेठ तालुक्यातून वाहणारी गोदावरी उन्हाळ्यात बंधाऱ्यांपुरतीच उरते. खडका बंधाऱ्यातील पाणी परळीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते आणि पाऊस दगा देतो त्या वर्षी तेथेही तळ दिसतो. या पात्रात बोटीतून दिवसभराच्या सहलीची कल्पना येथे थट्टेचाच विषय ठरेल. मात्र हीच नदी आंध्र प्रदेशात पोहोचते, तेव्हा तिच्यातून दुमजली प्रवासी बोटी चालतात. 'पापीकोंडालू'ची ही सफर दक्षिणेत प्रसिद्ध आहे. तेलुगूत 'पापिडी' म्हणजे केसांतील भांग. डोंगररांगेत भांग पाडावा तशी नदी मधून जाते, म्हणून हे नाव पडल्याचे सांगतात. पापपुण्याशी त्याचा संबंध नाही.

नदीचे रूप इतके पालटते कसे, याचे उत्तर तिच्या उपनद्यांत आहे. मराठवाड्याच्या पर्जन्यछायेतून जाणाऱ्या गोदावरीला सिरोंच्याजवळ प्राणहिता मिळते. वर्धा, वैनगंगा आणि पैनगंगा यांचे पाणी ती घेऊन येते. पुढे बस्तरकडून इंद्रावती आणि कुनावरमजवळ शबरी येऊन मिळते. त्यानंतर हा सारा प्रवाह पापीकोंडालूच्या अरुंद घळीत शिरतो. साहजिकच घळीत पावसाचा थेंब नसतानाही विदर्भात किंवा बस्तरात पडलेल्या पावसाने तेथे पूर येऊ शकतो. पर्यटकाने ध्यानात ठेवण्याजोगी मुख्य गोष्ट हीच.

१५ सप्टेंबर २०१९ रोजी पूर असतानाच निघालेली 'रॉयल वसिष्ठ' ही बोट कच्चुलुरु गावाजवळ उलटली. चाळीसहून अधिक पर्यटक व कर्मचारी प्राणास मुकले. बुडालेली बोट वर काढण्यास ऑक्टोबर उजाडला. त्यानंतर बंद ठेवलेल्या सहली २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. मधल्या काळात नदीकाठी नियंत्रण कक्ष उभारण्यात आले. पाणी चढलेले असेल तर सहल रद्द होते, त्याबद्दल कुरकुर करू नये. लाइफ जॅकेट जेवणाच्या वेळीही अंगावरून उतरवू नये.

राजमहेंद्रवरमहून पर्यटकांना रस्त्याने गंडी पोचम्मा मंदिरापर्यंत नेतात आणि तेथून बोट सुटते. परभणीकरांना सिकंदराबादमार्गे रेल्वेने राजमहेंद्रवरम गाठता येते. बोटीवर मार्गदर्शक असतो, जेवणही तेथेच मिळते. दोन्ही काठांना दाट जंगलाचे डोंगर जवळ येत जातात आणि पात्र आक्रसते. पेरंटपल्लीला उतरून शिवमंदिर पाहता येते. कोंडा रेड्डी आदिवासींनी बांबूपासून केलेल्या वस्तूही तेथे मिळतात. संध्याकाळपर्यंत बोट परतते. भद्राचलमच्या बाजूने यायचे असल्यास पोचावरमहून बोटी निघतात. हिवाळा हा त्यातल्या त्यात उत्तम काळ.

ही घळ मात्र आज दिसते तशी राहणार नाही. खालच्या अंगाला पोलावरम धरणाचे काम सुरू असून, जलाशय भरल्यावर काठावरची गावे पाण्याखाली जातील. कोंडा रेड्डींच्या अनेक वस्त्यांचा त्यात समावेश आहे.

आणखी एक दिवस हाती असेल, तर काकीनाड्याजवळचे कोरिंगा अभयारण्य पाहावे. गौतमी या गोदावरीच्या शाखेच्या मुखाशी खारफुटीचे विस्तीर्ण जंगल असून, त्यातील खाड्यांतून छोट्या बोटी फिरतात. पाणमांजर आणि मासे पकडणारे रानमांजर यांचे हे वसतिस्थान आहे. येथे विदर्भातील पावसापेक्षा भरती-ओहोटीचा हिशेब महत्त्वाचा. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि बोट पुढे सरकत नाही, त्यामुळे निघण्यापूर्वी भरतीची वेळ विचारून घ्यावी.