जीप बसत गेली तेव्हा

रात्री आळेफाट्याकडून येताना समोरच्या गाड्या सारख्या डिपर मारायच्या. माझा लाइट तर खालीच असायचा. दोनदा स्क्रू पिळून झोत आणखी खाली आणला, दोन-चार महिन्यांनी पुन्हा तेच. त्या वैतागातच २०१० साली टेप घेऊन जीपशेजारी पहिल्यांदा उकिडवा बसलो. गाडी मागून बसली होती आणि नाक आभाळाकडे गेलं होतं.

जीप जुनी, चारही चाकांना पाटे. तेव्हा मी जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचो आणि जुन्या डायरीत टिपून ठेवायचो. तीन वर्षं आकडा उतरत गेला. २०१३च्या दिवाळीत तो एकदम सेंटिमीटरभर वर आला. पाटे म्हातारपणी सावरले म्हणून मला कोण आनंद! आदल्याच आठवड्यात टायर नवे टाकले होते, ते डोक्यातच आलं नाही. नव्या रबराची जाडी मी पाट्यांच्या खात्यावर जमा केली होती. तीन वर्षांची टिपणं रद्दीत गेली.

मग चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजू लागलो. टायर झिजो वा हवा कमी होवो, या मापाला फरक पडत नाही. तरी आकडा हलायचाच. पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे गाडी जिथे टेकली तिथेच थोडी अडकून राहते. शेवटी एक रीत ठरली. गोदामातला सपाट कोबा, अर्धी टाकी डिझेल, आत कोणी नाही. मागचा बंपर दाबून सोडायचा, मोजायचं. मग उचलून सोडायचा, पुन्हा मोजायचं. पहिल्याच दिवशी दोन मापांत १४ मिलिमीटरचा फरक निघाला. तेव्हापासून मधला आकडा लिहितो.

त्याच वर्षाअखेरीस कळलं की मागची उजवी बाजू डावीपेक्षा २२ मिलिमीटर खाली आहे. चालक उजवीकडे बसतो, हे एक. पण कलमांना पाणी न्यायचा दोनशे लिटरचा पिंपही मी त्याच्याच पाठीमागे बांधत आलो होतो. दोनशे किलो, वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यावर, त्याच खड्ड्यांतून! पोलाद वाकून परत येतं खरं, पण इतका मार खाल्ल्यावर दरवेळी पुरतं येत नाही.

पाटेवाल्याने आधी थंडच ठोकून कमान दिली. पावसाळा सरेपर्यंत ती उतरली. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, “एक पाटा वाढवतो, मग बघा.” बघितलं. उजवीकडची उंची ५३० वरून ५८० मिलिमीटर झाली आणि रिकामी जीप बैलगाडीसारखी आदळू लागली. ओढ्यात तर मागचं एक चाक हवेत राहायचं आणि जागच्या जागी गरगर फिरायचं. चेसीखाली जॅक लावून चाक लटकतं ठेवून मोजलं, तेव्हा उलगडा झाला. लटकत्या चाकाचं माप आधी ६१० होतं, आता ६२५. म्हणजे जुन्या पाट्यांवर गाडी ८० मिलिमीटर बसायची, आता जेमतेम ४५. खड्ड्यात चाक खाली उतरायला वावच राहिला नव्हता. गाडी थोडी बसलेली हवीच असते, हे मला इतक्या उशिरा उमगलं.

एव्हाना पाट्यांचे दिवस सरत आले होते. रेंज रोव्हरला १९७०पासूनच कॉइल होती. आपल्याकडे २०१०च्या थारला पुढे टॉर्शन बार, मागे पाटे. २०२०च्या थारला चारही चाकांवर कॉइल. टॉर्शन बारचा बोल्ट आवळला की नाक वर येतं, म्हणून पोरं तो बिनधास्त आवळायची. बार त्याने ताठ होत नाही. चाकाचा खाली उतरायचा वाव तेवढा जातो आणि ड्राइव्ह शाफ्ट वाकड्या कोनात फिरतात. हे सांगायला गेलो की पोरं माझ्या टेपकडे बघून हसत.

२०२२ साली मागचे दोन्ही संच नवे घातले, वाढीव पाट्याशिवाय. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये ते ८ मिलिमीटर बसले आणि थांबले. पिंप आता मधोमध बांधतो. गेल्या महिन्याची नोंद: डावा ५४४, उजवा ५४१.