घाटवाटेची शिदोरी

संत ख्रिस्तोफर हे प्रवाशांचे आश्रयदाते. त्यांचा स्मृतिदिन २५ जुलै रोजी, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसाळ्यात येतो. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी पार करणाऱ्या या संताचे पदक अनेक मोटारींत आढळते. गाडीला आशीर्वाद घेण्याची प्रथाही सुंदर आहे. परंतु आशीर्वाद घेतलेल्या त्या गाडीचे टायर झिजून गुळगुळीत झालेले असतील, तर आपण संताची मध्यस्थी मागितली की देवाची परीक्षा पाहिली, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनास विचारावा.

भल्या शोमरोन्याची कथा आपल्या परिचयाची आहे. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारी ती वाट म्हणजे एक घाटवाटच होती. जखमी वाटसरूच्या जखमांवर त्याने तेल व द्राक्षारस ओतला. आपण त्याच्या दयेची थोरवी गातो. पण तेल व द्राक्षारस त्याच्या सामानात आधीपासून होते, ही गोष्ट सहसा ध्यानी येत नाही. तयारीवाचून दया पुष्कळदा हात चोळीत उभी राहते.

बेळगावहून चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटाने खाली उतरणाऱ्या कुटुंबाने ही तयारी मृगापूर्वीच करावी. टायरवरील खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी, असा नियम आहे. परंतु ओल्या रस्त्यावर ३ मिलिमीटरच्या आत आलेला टायर बदलणेच शहाणपणाचे. खाच उथळ झाली की पाणी बाजूस सारले जात नाही आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागते. अशा वेळी करकचून ब्रेक दाबू नये. वेग आपोआप उतरू द्यावा व चक्र सरळ धरावे. स्टेपनीतील हवाही तपासावी. उन्हाने कडक झालेले वायपरचे रबर बदलावे. बॅटरीच्या टोकांवर साचलेला पांढरा-हिरवा थर काढून घ्यावा. दिवे, ब्रेक आणि हॉर्न जाणत्या कारागिराकडून पाहून घ्यावेत.

गाडीत जॅक, पाना, विजेरी, धोक्याचा लाल त्रिकोण, मजबूत दोर, प्रथमोपचाराची पेटी, पिण्याचे पाणी, कोरडा खाऊ आणि एक जाड चादर असावी. काच फोडण्याची लहान हातोडी मात्र डिकीत न ठेवता चालकाच्या हाताशी ठेवावी. पाण्यात विजेवर चालणाऱ्या काचा बंद पडू शकतात.

तथापि सर्वांत मोठी तयारी मनाची असते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल पुरात वाहून गेला. अंधारात आलेल्या दोन एस. टी. बसगाड्या व इतर वाहने नदीत कोसळली आणि अनेक घरांचे दिवे मालवले. त्या बिचाऱ्यांना पुढे पूल नाही हे कळण्यास वाव नव्हता. पण पुलावरून पाणी वाहताना आपल्या डोळ्यांस दिसत असेल, तर आपणांस ती सबब उरत नाही. जेमतेम एक फूट वाहते पाणीही लहान मोटार ढकलू शकते. दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे वरून दिसत नाही. अशा वेळी गाडी मागे वळवावी. लग्नाचा मुहूर्त चुकेल, मिस्सा चुकेल. पण लेकरे सुखरूप घरी येतील. पाण्यात इंजिन बंद पडले तर ते पुन्हा सुरू करू नये. आत शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे इंजिनाचा भाग मोडतो.

घाटात गाडी अडली तर ती डाव्या कडेस घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत, त्रिकोण बराच मागे ठेवावा आणि मंडळींना रस्त्यापासून दूर उभे करावे. मात्र दरड कोसळेल अशा कड्याखाली कदापि नव्हे. मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत. घाटात फोन लागेलच असे नाही. म्हणून निघण्याची वेळ व वाट घरी सांगून निघावे.

आणि वाटेत दुसऱ्याची गाडी अडलेली वा माणूस जखमी पडलेला दिसला तर? पोलिसांच्या भीतीने पुष्कळ लोक तोंड फिरवून पुढे जात. पण २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे; त्यास कोर्टकचेरीचे भय बाळगण्याचे कारण नाही. कायद्याने त्या मदतनीसास नावही शोमरोन्याचेच दिले आहे.

तेव्हा वाचकहो, यंदा गाडीत पदक लावाल तेव्हा डिकीही एकदा उघडून पाहा. तिथे आपल्यापुरती शिदोरी आहे काय? आणि वाटेत भेटणाऱ्या अनोळखी शेजाऱ्यासाठीही त्यातून थोडी उरेल काय?